आमची वाटचाल: कारचं इंजिन, जुनं सेस्ना आणि भरपूर कागदपत्रं

आमचं वर्कशॉप लहानसंच आहे, अमेरिकेतल्या एका छोट्या एअरपोर्टवर, आणि आम्ही कारची इंजिनं विमानाला बसवतो. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, चालतं का हो खरंच? चालतं. अमेरिकेतले हौशी विमान बनवणारे पीटनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्ड मॉडेल ए कारचं इंजिन लावून आपलं एअर कँपर विमान उडवलं होतं, तेव्हा यात आम्ही काही नवीन शोधलंय असं अजिबात नाही.

सुरुवात अर्थातच पैशामुळे झाली. जुन्या सेस्ना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानाचं लायकमिंग ओ-३२० इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीला, आलं की मालकाचा चेहरा बघवत नाही, आणि एवढं करून हातात येतं काय तर मॅग्नेटोवर (ठिणगीसाठी स्वतःच वीज बनवणारा भाग) चालणारं, हाताने हवा-इंधनाचं मिक्श्चर सेट करायचं तेच जुनं डिझाइन. दुसरीकडे ठोकलेल्या सुबारू कारमधलं २.५ लिटरचं ईजे२५ इंजिन त्या मानाने अगदीच स्वस्तात मिळतं, इंजेक्शन वगैरे सगळं असलेलं. मग हे काढू ते बसवू, एवढाच आमचा धंद्याचा प्लॅन होता.

पण इंजिन हा यातला सोपा भाग निघाला. ओ-३२० ची ताकद २७०० आरपीएमला मिळते, म्हणून पंखा (प्रॉपेलर) थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, बसतो. कारचं इंजिन पूर्ण ताकद देतं पाच हजारांच्या वर, आणि ७५ इंची पंखा त्या वेगाने फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पुढे, नुसता गोंगाट आणि ओढ कमी. म्हणून मध्ये वेग कमी करणारा रिडक्शन गिअरबॉक्स आला. आणि खरी डोकेदुखी तिथेच. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेरीत दोन झटके देतं, कारमध्ये ते क्लचच्या स्प्रिंगा, टायर वगैरे मिळून पचवतात, इथे मात्र शाफ्टच्या टोकाला जड पंखा बसलेला, तो काही हलायला तयार नाही, मग सगळा पीळ गिअरच्या दातांवर येतो. कमी आरपीएमला कुठेतरी हे रेझोनन्समध्ये सापडतं, म्हणजे झटके एकमेकांत मिसळून वाढत जातात, आणि ती जागा ओलांडायला मध्ये रबरी कपलिंग नसेल तर गिअरबॉक्स गेलाच म्हणून समजा. मर्सिडीजच्या कार इंजिनावरून बनवलेलं थिलर्ट कंपनीचं डिझेल इंजिन विमानासाठी रीतसर मंजूर, म्हणजे सर्टिफाइड, होतं, त्यालासुद्धा सुरुवातीला दर ३०० तासांनी गिअरबॉक्स बदलायला लागायचा, मग आमच्यासारख्यांची काय कथा.

कूलिंगचंही तसंच. हायवेवर कार आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरते, विमान मात्र चढताना पूर्ण थ्रॉटलवर असतं आणि नेमका तेव्हाच वेग कमी म्हणून हवाही कमी. बहुतेक लोक रेडिएटर मोठा करत बसतात. आमचं मत असं की आधी हवा बाहेर जायची वाट नीट करा. त्यात पाणी, रेडिएटर, गिअरबॉक्स यांचं वजन धरलं की स्वस्त इंजिन नाकाला जड पडतं. शिवाय मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः बनवतो, कारच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला (ईसीयू) बॅटरी लागते, म्हणून दोन बॅटऱ्या, दोन फ्युएल पंप. हे सगळं बिलात येतंच.

आणि मग एफएए, म्हणजे अमेरिकेत विमानांचे नियम बघणारं सरकारी खातं. सगळ्यात जास्त फोन याच्यावरच येतात. लोकांना वाटतं सर्टिफाइड विमान एक्सपेरिमेंटल, म्हणजे प्रायोगिक वर्गात, टाकलं की मोकळे झालो. अहो, त्यातल्या अमॅच्युअर-बिल्ट, म्हणजे हौशी बनावटीच्या, प्रकारासाठी अर्ध्याहून जास्त विमान हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून बनवलेलं लागतं, कारखान्यातून आलेलं सेस्ना त्यात कसं बसणार? मग उरतं रिसर्च अँड डेव्हलपमेंट, नाहीतर एक्झिबिशन, म्हणजे प्रदर्शनासाठीचं. रिसर्चचं सर्टिफिकेट मर्यादित मुदतीचं, कशासाठी उडवणार हे लिहून द्यायचं, आणि टेस्टसाठी गरज असेल तेवढीच माणसं आत, म्हणजे वीकेंडला फॅमिलीला घेऊन फिरणं विसरा. पैसे घेऊन प्रवासी नेणं तर एक्सपेरिमेंटलमध्ये चालतच नाही. विकायला काढलं की गिऱ्हाईक शोधताना नाकी नऊ येतात ते वेगळंच.

म्हणून आता आम्ही धंदाच बदललाय म्हणा ना. किटवरून विमान बनवणाऱ्यांना गिअरबॉक्स, माउंट, कूलिंग असं पूर्ण पॅकेज देतो, हेच आमचं मुख्य काम. सर्टिफाइड विमान घेतो ते फक्त पुढे एसटीसी (सर्टिफाइड विमानात असा बदल करायची एफएएची मंजुरी) काढायची खरी तयारी असेल त्यांचंच. ज्याला नुसतं ओव्हरहॉलचं बिल वाचवायचंय त्याला आम्ही सरळ सांगतो, लायकमिंगच ठेवा. भागीदार म्हणतो अशाने गिऱ्हाईकं पळवून लावतोस, लावतोच मी.

आणि काम घेतलंच तर पहिली अट एकच, काढलेलं इंजिन, लॉगबुकं, एकेक ब्रॅकेट जपून ठेवायचं, विकायचं नाही. परत स्टँडर्डमध्ये, म्हणजे नेहमीच्या सर्टिफिकेटवर, जायचं झालं तर विमान पुन्हा मंजूर झालेल्या मूळ डिझाइनप्रमाणे (टाइप डिझाइन) आहे हे दाखवावं लागतं, आणि तेव्हा हेच सामान शोधत फिरायला कुणाला वेळ असतो?