खापरपणजीचा शोध

आज दिवसभर सासूबाईंसोबत त्यांच्या पणजीला शोधत बसलो, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली शेतकऱ्याची बायको, जन्म १८४८ चा. १८५० पासून तिथल्या सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, गुलाम सोडून घरातल्या सगळ्यांची नावं लिहायला लागले, त्याआधी फक्त कर्त्याचं, म्हणून ती दोन वर्षांची असल्यापासून सापडते तरी. पण १९०० च्या पानावर पोटात कालवलंच. मुलं किती झाली, ९. हयात, ५. शाईतले नुसते दोन आकडे!! आणि १८९० चा सेन्सस १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर जवळजवळ उरलाच नाही, म्हणजे १८८० नंतर जन्मून १९०० आधी गेलेली लेकरं सेन्ससमध्ये कुठ्ठेच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, चारही नावं शोधायचीच. आता काउंटीच्या (तिथला जिल्हाच म्हणा) प्रोबेट कोर्टातली, म्हणजे मृत्युपत्रं-वारसा बघणाऱ्या कोर्टातली, जन्ममृत्यूची रजिस्टरं बघायची, ती १८६७ पासूनची आहेत.