आप्पांचा प्रश्न

"भाऊ, मशीन बी लई जातीन का?" आप्पांनी आज पहिलं हेच विचारलं. अमळनेरला त्यांचं छोटं टेलरिंगचं दुकान, टेबलावर फायनान्सवाल्याची नोटीस, आणि चॉकने रेघा मारलेल्या कापडावर हात तसाच ठेवलेला.

मी म्हटलं आप्पा, मशीन तारण नसेल तर नाही नेता येत, कारागिराची हत्यारं जप्तीतून कायद्यानेच वगळलीत. तेव्हा कुठे माणूस नीट बसला.

मग नादारीच्या अर्जाचं, म्हणजे कर्ज फेडणं आता शक्य नाही असं कोर्टाला सांगायचं, ते सांगितलं. नादारीचा १९२० चा कायदा आपल्याकडे अजून चालतो, २०१६ चा नवा आला पण त्यातला साध्या माणसाच्या कर्जाचा भाग अजून लागूच नाही. जिल्हा कोर्टात अर्ज करायचा, नादार ठरवलं की हत्यारं सोडून बाकीची मालमत्ता रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाते आणि पुढे कोर्टाने मुक्तता दिली की बहुतेक जुनी देणी संपतात, सरकारी आणि फसवणुकीची सोडून.

"लोके काय म्हंतीन?"

आप्पांना रात्र रात्र झोप नाही, गाव सोडायचं मनात येतं, पण कोर्टाची पायरी नको! फार जीवाला लागलं हे. पैसे बुडवून पळणं वेगळं आणि कोर्टासमोर सगळा हिशोब मांडणं वेगळं ना?

जळगाव-धुळ्याकडे असं नादारीचं काम केलेले वकील कोणाला माहीत आहेत का?