घळ उत्तरेला का सरकली?

गेल्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की फेब्रुवारीत आपल्या गुहा मापणाऱ्या गटाच्या पहिल्या घळीचा पूर्ण नकाशा हातात असेल. मार्च अर्धा सरला, नकाशा आत्ता कुठे झालाय. मधल्या काळात काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण नव्याने मापणी शिकणाऱ्यांपैकी कोणीतरी हीच माती खाणार आहे.

११ जानेवारी, रविवार. मुलुंडच्या एका सोसायटीचं तळघर. हसू नका. मुंबईत राहून गुहा मापायला शिकायचं तर शिकायचं कुठे? कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी ही सगळी संरक्षित स्मारकं. तिथे परवानगीशिवाय टेप ताणत फिरायचं नाही, भिंतीवर खडूचा ठिपका तर लांबच. नैसर्गिक गुहा म्हणाल तर आपल्या पायाखाली बेसाल्ट. पाण्यात विरघळणारा चुनखडक नाही, त्यामुळे मेघालयासारखे मैलोन्‌मैल बोगदे नाहीत. मग गटातल्या एका काकांनी आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पटवलं आणि दुपारी दोन ते चार पार्किंगचे दिवे बंद करून मिळाले. वॉचमनने तेवढं बजावलं, "गाड्यांना हात लावू नका, अलार्म वाजतो."

हेल्मेट, डोक्यावरचा दिवा, गुडघ्याला पॅड. मोजायला नागदेवी स्ट्रीटवरून आणलेलं लेझर, दिशेला सेकंडहँड सुंटो कंपास, चढउताराला क्लिनो. चौदा स्थानकं, म्हणजे मापायचे ठरावीक बिंदू, घेतली आणि कंपासने पहिल्या तासातच हात टेकले. एकाच खांबापासून दुसऱ्या खांबाची दिशा इकडून पाहिली आणि तिकडून पाहिली, तर फरक तेवीस अंश! आरसीसीच्या खांबात सळ्या, बाजूला गाड्यांचं लोखंड, काटा बिचारा कुठे कुठे बघणार? नकाशा फेकून दिला. पण दोन गोष्टी शिकलो त्या पुढे उपयोगी पडल्या.

पहिली: प्रत्येक रेघ दोन्ही टोकांकडून वाचायची. पुढचं वाचन आणि मागचं वाचन यांत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा.

दुसरी गोष्ट खास आपल्या मराठीची. बंद जागेत आवाज घुमतो. मी ओरडलो "एकोणऐंशी", वहीवालीने लिहिलं एकोणनव्वद. चौऱ्याहत्तरचं चौऱ्याऐंशी झालं, सदुसष्टचं सदतीस. त्या दिवसापासून नियम केला की आकडे सुटे सांगायचे, "सात, नऊ", आणि लिहिणाऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं. इंग्रजीत आकडे सांगण्याची सूचनाही आली होती, ती बहुमताने पडली.

२५ जानेवारीला नव्या मंडळींना घेऊन कान्हेरी. मोजायला नव्हे, बघायला. मी दरवेळी त्यांना लेण्यातली चित्रं-मूर्ती सोडून आधी पाण्याकडे बघायला सांगतो. कातळात कोरलेले पन्हळ, पायऱ्यांच्या कडेने जाणारे चर आणि जवळजवळ प्रत्येक विहाराच्या तोंडाशी खोदलेलं टाकं. तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. कल्याण, सोपारा, चेऊल इथल्या दात्यांची नावं त्या लेखांत आहेत. शंभराहून जास्त लेण्यांच्या वसाहतीला डोंगरावरच्या पावसावर वर्षभर पाणी पुरवायचं म्हणजे उतार किती अचूक धरले असतील! आपण क्लिनो डोळ्याला लावून अर्ध्या अंशासाठी भांडतो.

तिथेच कोणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, "इथून भुयार निघतं म्हणतात ना?" लेणं तिथे भुयार, ही आपली जुनी खोड. लेणं म्हणजे माणसाने कोरलेलं, घळ म्हणजे पाण्याने झिजवलेली, भुयार म्हणजे बहुतेक वेळा आजोबांनी सांगितलेलं.

८ फेब्रुवारी, मुख्य दिवस. कर्जतच्या पुढच्या एका गावाची घळ. नाव आणि वाट मुद्दाम देत नाही, आत वटवाघळं आहेत आणि बाहेर लगेच रील काढणारे येतात. सरपंचांना आधी भेटून आलो होतो. वाट दाखवायला गावातले एक मामा आले. त्यांचंही तेच: "आत भुयार हाय, पार गडावर निघतं. माझ्या आज्यानं कोंबडी सोडली हुती."

"मग निघाली का वर?"

"ती काय परत येऊन सांगनार व्हय?"

सह्याद्रीत बऱ्याच घळी अशाच तयार होतात. लाव्हाच्या दोन थरांमधला मऊ, ठिसूळ पट्टा पाण्याने झिजत जातो आणि वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो. हिचं तोंड पश्चिमेला आहे. आत गेलं की मधोमध छताचा एक प्रचंड तुकडा पडलाय, त्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत तोंडाशी येता येतं. मापणी करणाऱ्याला यासारखं सुख नाही. फिरून मूळ स्थानकावर आलात की आकड्यांनीही तिथेच यायला हवं. नाही आले तर चूक किती ते जागच्या जागी कळतं.

वाचनं मी घेत होतो. टेपवर एक, वहीवर एक, चौथा दिवा धरून. वळशाची लांबी ३८ मीटर. सगळे शॉट (एका स्थानकापासून पुढच्या स्थानकापर्यंतची एकेक रेघ) मिळून ६२ मीटर. शेवटच्या लोकलच्या धास्तीने दोनदा काहीही तपासलं नाही, पुढची-मागची वाचनं फक्त लिहीत गेलो. रात्री घरी फक्त पुढची वाचनं घेऊन कागदावर मांडली तर वळसा मिटेना. शेवटचं स्थानक पहिल्याच्या उत्तरेला तब्बल १.८ मीटर. म्हणजे पावणेपाच टक्के! आम्ही स्वतःला दोन टक्क्यांची मर्यादा घालून घेतलीय, आणि ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनच्या अचूकतेच्या पाचव्या श्रेणीला तर कोन एका अंशात आणि अंतर १० सेंटिमीटरमध्ये बसायला लागतं. दहा मीटरच्या शॉटमध्ये दोन अंश चुकलात तरी टोक ३५ सेंटिमीटर सरकतं, हे ध्यानात घ्या.

(सर्व्हेक्स या गुहामापणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकले असते तर त्याने ती चूक सगळ्या स्थानकांवर वाटून वळसा छान मिटवून दिला असता. नकाशा देखणा आला असता. म्हणून पहिली मांडणी हातानेच, हा माझा हट्ट.)

पहिला आरोपी अर्थातच खडक. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, काही ठिकाणी ते काट्याला चांगलंच ओढतं. मी गटावर ऐटीत लिहून टाकलं, "कातळ चुंबकीय आहे, इथे कंपास चालणार नाही." दोन दिवस सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिसऱ्या दिवशी वहीवालीने वहीचा फोटो पाठवला, खाली फक्त "दादा, हे बघ." स्थानक ४ वरून ५ चं वाचन ८४. पाचवरून चारचं २७१. यायला हवं होतं २६४. सात अंशांचा घोळ. तिने असे पूर्व-पश्चिम जाणारे सगळे शॉट लाल पेनने गोल केले होते. प्रत्येकात सहा-सात अंशांचा फरक, आणि तोही एकाच दिशेने. दगडाच्या दोन टोकांना दक्षिणोत्तर जाणारे जे आखूड शॉट होते, त्यांत फरक एका अंशाच्या आत.

आता विचार करा. खडक काट्याला ओढत असेल तर तो त्या स्थानकापुरता ओढेल. स्थानक बदललं की फरकही बदलेल. शिवाय एका स्थानकावरून कुठेही बघा, सगळी वाचनं सारख्याच अंशांनी चुकतील. पूर्वेकडे बघताना एका बाजूला, पश्चिमेकडे बघताना विरुद्ध बाजूला आणि उत्तरेकडे बघताना अजिबात नाही, असले नखरे दगड करत नाही. हे चुंबक बघणाऱ्याबरोबर फिरत होतं. बघणारा मी.

कुलाब्याची वेधशाळा आठवली. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर, त्यांच्या विजेनेही काटा चळतो म्हणून, वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली, जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून, आणि मगच कुलाब्याचं बंद केलं. ते लोक ट्रामच्या विजेला इतके जपत होते, आणि मी काट्यापासून चार बोटांवर स्वतःचं डोकं घेऊन बसलो होतो.

१५ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा, शिवाजी पार्क. मैदानाच्या मधोमध, लोखंडापासून लांब. लाकडी स्टुलावर कंपास ठेवला आणि गटाने माझी अंगझडती सुरू केली. घड्याळ जवळ आणलं, काटा किंचित हलला. डोक्यावरचा दिवा, बॅटरीसकट, अर्धा अंश. खिशातला चाकू, पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या. काही खास नाही. एक आजोबा चालता चालता थांबून म्हणाले, "काय, वास्तुशास्त्र का?"

शेवटी नेहमीसारखा वाकून कंपास डोळ्याला लावतो तसा चेहरा जवळ नेला आणि काकांनी माझ्या नाकावरून चष्मा काढला. काटा झटकन साडेतीन अंश फिरला. परत घातला, परत फिरला. जानेवारीच्या शेवटी केलेला नवा चष्मा. त्याच्यावर उन्हाची काळी काच बसते ती क्लिपने नव्हे, फ्रेममध्ये दडवलेल्या मुगाच्या डाळीएवढ्या चुंबकांनी. दुकानदाराने ते फार कौतुकाने दाखवलं होतं, मीही घरी येऊन कौतुकाने फ्रिजवर चिकटवून दाखवलं होतं. कंपासचा विचार तेव्हा डोक्यातही आला नाही.

गंमत अशी, की पुढच्या-मागच्या वाचनांची सरासरी घेतली असती तर चूक दोन्हीकडून समसमान उलटी असल्यामुळे आपोआप मिटली असती. नकाशा पहिल्याच दिवशी बरोबर आला असता आणि चष्मा आजही नाकावर असता. पण मग पुढच्या वेळी घाईत फक्त एकाच बाजूने वाचलं असतं तेव्हा? असो. खडकाची गटावर जाहीर माफी मागितली.

२८ फेब्रुवारी, शनिवार. विज्ञान दिनानिमित्त पूर्व उपनगरातल्या एका पालिका शाळेत सातवीच्या वर्गात गेलो. बाकं जोडून त्यांच्यावर चादरी टाकल्या, खिडक्यांना कागद लावले आणि मुलांना तिघातिघांनी आत सोडलं. एक सुतळी धरणार, एक कंपास वाचणार, एक लिहिणार. चादरीखाली इतका गोंधळ की शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा येऊन गेल्या. बाकांचे पाय लोखंडी, त्यामुळे कंपास इथेही चळला, पण या वेळी ते मुद्दामच होतं. दोन नकाशांत भिंत वाकडी आली, एकात वर्गाला पाचवा कोपरा फुटला. "काटा का चुकला?" या प्रश्नावर एक मुलगी म्हणाली, "बाकाला चिकटायला बघतोय." मग माझा चष्मा पुढे केला. मुलांनी तो पेन्सिलीच्या शार्पनरपासून वर्गाच्या कपाटापर्यंत सगळ्याला लावून पाहिला. इतका उपयोग त्याचा आजवर झाला नव्हता.

गुहेची लांबी सांगताना मेट्रो कामी येते. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो साडेतेहेतीस किलोमीटर, हे त्यांना ठाऊक होतं. मेघालयातली क्रेम लियात प्राह आणि तिला जोडलेल्या गुहा मिळून तीस किलोमीटरच्या वर जातात म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. 'क्रेम' म्हणजे खासी भाषेत गुहा. तिथल्याच क्रेम मॉम्लूहमधल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभावरून (ठिबकणाऱ्या पाण्याने जमिनीवरून वर वाढत गेलेला दगडी खांब) सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस कसा आटला ते कळलं, आणि २०१८ पासून तेव्हापासूनच्या काळाला 'मेघालयन' हे नाव मिळालं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ती दगडाची काठी घरी आणता येते का?" नाही. अजिबात नाही. त्यावर मात्र मी पाच मिनिटं घेतली.

८ मार्चला पुन्हा घळीत. जुना चष्मा, एका काडीला चिकटपट्टी. प्रत्येक शॉटची दोन्ही वाचनं जागेवरच ताडली. एका अंशाहून जास्त फरक आला की पुन्हा वाचायचं. अवघडलेल्या काकांनी तीन वेळा "आता पुरे रे" म्हटलं. ३८ मीटरच्या वळशात चूक आली २२ सेंटिमीटर. सव्वा टक्काही नाही, पाऊण टक्काही नाही, सहा दशांश टक्के. खडक अगदी निर्दोष आहे असं नाही, स्थानक ७ ला दोन अंशांची ओढ खरंच आहे. तिथे दोन्ही टोकं तपासून वाचन दुरुस्त केलं आणि वहीत तसं लिहिलं.

पूर्वेच्या टोकाला छत उतरत गुडघ्याएवढं होतं. पोटावर सरकत मी अडीच मीटर आत गेलो. लाल दिव्यात पुढच्या फटीत वटवाघळांची रांग दिसली, एक-दोन कान हलले. तिथूनच मागे सरकलो, पाठीला छत घासत. नकाशावर त्या जागी तुटक रेघ आणि प्रश्नचिन्ह आहे. बाहेर मामांना दाखवलं, तर ते खुशीत आले. "बगा, म्हनलो नव्हतो? कोंबडी तिकडंच गेली."

नकाशाची शाईची प्रत वहीवाली काढतेय. गावासाठी एक मोठी प्रत, शाळेच्या भिंतीवर लावायला. पावसाआधी मोकळे दोनच रविवार हातात आहेत, त्यात घळीचा उभा छेद घ्यायचाय. येणाऱ्यांनी येताना चष्मा, घड्याळ आणि मोबाईलचं कव्हर घरीच फ्रिजला लावून बघा. चिकटलं तर तिथेच राहू द्या.