लागू पडेल का?

"भावोजी, तुम्ही त्याच जनुकावर काम करता ना? मग यांना लिथियम लागू पडेल का, ते सांगा." दादाला मनाच्या आजारावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. वहिनींनी एवढंच विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. ती बोच जातच नाही.

मी काम करतो ते एनआर१डी१ या जनुकावर. त्यापासून बनणारं रेव्ह-अर्ब अल्फा हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात बसून शरीराच्या घड्याळाच्या बीमॅल१ या दुसऱ्या जनुकाला दाबून धरतं. त्याचा जोर ओसरला की बीमॅल१ पुन्हा डोकं वर काढतं. मेंदूतलं चोवीस तासांचं चक्र फिरतं ते या चढउतारावर. रेव्ह-अर्ब अल्फाला टिकवून धरणाऱ्या जीएसके३ बीटा या विकराला (एन्झाइमला) लिथियम अडवतं आणि मग रेव्ह-अर्ब अल्फा मोडून जातं, हे २००६मध्ये पेशींमध्ये दिसलं. दादाची गोळी जाऊन लागते ती माझ्याच टेबलावरच्या प्रथिनाला. तरी मी गप्प!

या जनुकातल्या एखाद्या अक्षराच्या फरकाचा लिथियमच्या गुणाशी संबंध काही अभ्यासांत आढळलाय. पण तो गटाच्या सरासरीत. एकट्या दादाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. इतकी वर्षं घालवली ती कशासाठी, असं वाटून दुपारी डबा उघडवेना.

२०१३चा तो शोधनिबंध पुन्हा काढला. दान केलेले मेंदू, मृत्यूची दिवसातली वेळ धरून रांगेत लावलेले. निरोगी ५५ जणांत घड्याळाच्या जनुकांची लय स्वच्छ दिसते. नैराश्य असलेल्या ३४ जणांत ती फिकी पडलेली, विस्कटलेली. जिवंत माणसाच्या मेंदूतलं हे असं वाचता येत नाही. म्हणजे दादाचं कळायचं तर... नको.

दादाची बोटं थरथरतात. कप दोन्ही हातांनी धरतो, तरी चहा बशीत सांडतो. आई आता कप अर्धाच भरते, कुणी त्यावर बोलत नाही.

संध्याकाळी मीच वहिनींना फोन केला. जनुकावरून नाही सांगता येत, म्हटलं. रक्तातली लिथियमची पातळी, झोप आणि पुढचे काही महिने, यांवरूनच कळेल. झोपायची-उठायची वेळ तेवढी मोडू देऊ नका, त्याचा उपयोग होतो. हे मात्र ठामपणे सांगू शकलो, आणि बरं वाटलं. आपल्याला जे माहीत आहे तेवढंच आपण देऊ शकतो.

"मग सोमवारी रक्त द्यायला तुम्हीच न्या यांना," त्या म्हणाल्या. नेणार आहे. रक्त गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं; रात्री नऊची गोळी, म्हणजे सकाळी नऊला रक्त. पाण्याची बाटली बरोबर घ्यायचीय; ऊन वाढलंय आणि शरीरातलं पाणी कमी झालं की पातळी चढते.