लॅपटॉप रिकामा बसलेला असताना किती वॅट खातो?

लिहिताना, मेल वाचताना, एक्सेलमध्ये आकडे भरताना प्रोसेसर बहुतेक वेळ मोकळाच असतो. तरी बॅटरी उतरत राहते. ती खातात पडदा, ग्राफिक्स कार्ड आणि मागे चालू राहिलेले प्रोग्रॅम. म्हणून प्रोसेसरच्या वेगाला हात लावण्याआधी हा रिकामपणीचा खर्च मोजावा. हिशोब सोपा आहे: ५० वॅट-तासांची बॅटरी १२ वॅट खर्चात चार तास दहा मिनिटं पुरते, ७ वॅट खर्चात सात तासांच्या वर जाते.

आधी बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे ते बघा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाईप करा. जी फाईल तयार होते तिच्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची क्षमता) दिसतात. मूळचे ५०,००० मिलीवॅट-तास आता ३०,००० वर आले असतील, तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, बॅटरीच बदला.

मग चार्जर काढा, ब्राइटनेस रोजच्याइतका ठेवा, सगळे प्रोग्रॅम बंद करा आणि पाच मिनिटांनी खर्च वाचा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या मोजणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बॅटरीखाली 'चार्ज रेट' उणे आकड्यात दिसतो, लिनक्सवर पॉवरटॉप (powertop) हा प्रोग्रॅम हेच दाखवतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड (प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सशिवायचं) नसलेला पातळ लॅपटॉप साधारण ४ ते ७ वॅटवर यायला हवा. काही न करता १२-१५ दिसले, तर आत कुणीतरी जागं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा वाचायचं, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पहिला संशय वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर घ्या. काम नसताना ते पूर्ण झोपायला हवं, पण एखादा चॅटचा किंवा वॉलपेपर बदलणारा प्रोग्रॅम त्याला उठवून ठेवतो आणि काही वॅट सतत जातात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या डेस्कटॉप मेनूत 'जीपीयू ॲक्टिव्हिटी आयकॉन' (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप) चालू केला की कोण ते वापरतंय त्याची यादी मिळते. तो प्रोग्रॅम सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन 'पॉवर सेव्हिंग'वर टाका. गेमला ते कार्ड पूर्वीसारखंच मिळतं. दोन खाचखळगे आहेत. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट याच कार्डाला जोडलेलं असतं, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर लावला की ते झोपूच शकत नाही. आणि मोजणारं साधनही वारंवार विचारणा करून त्याला उठवू शकतं. अशा वेळी त्या साधनातलं ग्राफिक्स कार्डाचं वाचन बंद ठेवा.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मला पटत नाही. त्याने टर्बो, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवण्याची सोय, बंद पडतो. आय५-८२५०यू सारखा प्रोसेसर ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत चढू शकतो, तो १.६ च्या आसपास अडकतो. दोन सेकंदांचं काम चार सेकंद चालतं आणि तेवढा वेळ पडद्यासकट सगळा लॅपटॉप जागा राहतो. त्यापेक्षा बॅटरीवर पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' ठेवा. प्रोसेसर वर चढायला घाई करत नाही, पण गरज पडली की चढतो. काही कंपन्या या मोडला वीजमर्यादाही जोडतात. तसा जडपणा जाणवला तर 'बॅलन्स्ड'वर या.

व्हिडिओ बघताना पंखा फिरायला लागला, तर यूट्यूबवर उजवी क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) एव्ही१ असेल आणि इंटेलचा प्रोसेसर ११व्या पिढीच्या आधीचा, तर त्याच्या ग्राफिक्समध्ये एव्ही१ उलगडायची सोय नाही, सगळा भार प्रोसेसर उचलतो. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा 'व्हिडिओ डीकोड' आलेख शून्यावर सपाट दिसतो. एच२६४इफाय (h264ify) हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन घातलं की यूट्यूब जुन्या एच२६४ कोडेकमध्ये व्हिडिओ देतं आणि भार ग्राफिक्सकडे जातो. व्हिडिओ १०८०पीच्या वर जात नाही, पण लॅपटॉपच्या पडद्यावर ते चालतं.

पडद्याचं थोडक्यात: रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं) १४४ हर्ट्झ असेल तर बॅटरीवर ६० करा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा. डार्क थीमचा फायदा ओलेडवर होतो, एलसीडीच्या मागचा दिवा काळ्या रंगामागेही जळतच असतो. ब्लूटूथ बंद करून मिळणारी बचत नगण्य आहे.

झाकण लावून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम निघतो? नव्या मशीनमध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' असतो. त्यात लॅपटॉप अर्धवट जागा राहून नेटवर्कही सांभाळतो. बॅटरीवर असताना झाकण लावल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' निवडा, त्यात चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. एसएसडी असेल तर उठायला काही सेकंदच लागतात.

दिवसभर चार्जरवर काम असेल तर कंपनीच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. लिथियम-आयन सेलला पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहणं आणि उष्णता, दोन्ही सोसत नाहीत. विदर्भातल्या मे महिन्यात दोन्ही एकत्र येतात, तेव्हा तर ही मर्यादा हवीच. ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा तळाची फट रुंदावली, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि ती दुरुस्तीच्या दुकानातच काढून घ्या.