आमची वाटचाल : परवानगीपत्रांकडून सल्ल्याकडे

महाविद्यालयांच्या अभ्याससाहित्याची अक्षरजुळणी आणि मांडणी करून देण्यासाठी आम्ही हा व्यवसाय सुरू केला. साहित्यातील उतारे आणि छायाचित्रे यांसाठी प्रकाशकांची लेखी परवानगीही तुम्हीच मिळवा, असे ग्राहक सांगू लागले आणि हे जोडकामच पुढे मुख्य काम होऊन बसले.

दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर, पुस्तकांतील उताऱ्यांच्या प्रती विनापरवानगी काढल्याबद्दल तीन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा आमचे ग्राहक इतके धास्तावले की दोन पानांच्या उताऱ्यासाठीही पत्र मागू लागले. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोणत्या वापराला परवानगी लागत नाही हे सांगणाऱ्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, अध्यापनाच्या ओघात घेतलेल्या प्रतींना पानांची ठरावीक मर्यादा नाही, अध्यापनाला जेवढे आवश्यक तेवढे घेता येते, असे स्पष्ट केले. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. निकाल विद्यार्थ्यांच्या हिताचा होता यात मला शंका नाही, मात्र पत्रामागे शुल्क घेणाऱ्या आमच्यासारख्यांच्या उत्पन्नाला त्याने कात्री लावली, हेही खरे.

आम्हाला सावरले ते लोकप्रिय संस्कृतीने. चित्रपट, गाणी, जाहिराती हे आता अनेक विषयांच्या अध्यापनाचे साहित्य आहे. वर्गात केवळ विद्यार्थी-शिक्षकांपुढे चित्रपट दाखवण्यास त्याच कलमात मुभा आहे. परंतु त्याच तासाचे चित्रीकरण सर्वांसाठी खुले ठेवले की प्रेक्षक बदलतो आणि ती मुभा लागू राहत नाही. मग समीक्षेसाठी दिलेल्या अपवादाचा आधार घ्यावा लागतो आणि दृश्य किती सेकंदांचे आहे यापेक्षा प्राध्यापक त्यावर काय भाष्य करतात, याला महत्त्व येते. हक्कधारकांचे साहित्य ओळखणारी यूट्यूबची कन्टेन्ट आयडी ही स्वयंचलित यंत्रणा ध्वनी आणि दृश्य तेवढे जुळवून पाहते, भाष्य तिला कळत नाही. त्यामुळे कायद्यात बसणारे व्याख्यानही अडते आणि हरकतीला मुद्देसूद उत्तर लिहावे लागते. अशी उत्तरे लिहिणे हा आज आमच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि खरे सांगायचे तर सर्वांत रंजकही.

दरम्यान आम्ही शुल्काची पद्धत बदलली. पत्रामागे पैसे घेणाऱ्याने ‘येथे परवानगीची गरज नाही’ असे सांगणे अवघड असते. म्हणून आता संपूर्ण अभ्यासक्रम तपासण्याचे एकच शुल्क आकारतो आणि शक्यतो चित्रीकरणापूर्वीच संहिता मागवून घेतो.