भाजीचे पाणी कुठे जाते?

आहारशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमानंतर मी एका मोठ्या रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप केली. त्या काळात अतिदक्षता, प्रसूती, बालरोग असे बहुतेक विभाग पाहिले. पण रुग्णाला प्रश्न कसा विचारावा, हे मला डायलिसिस विभागातल्या पाच आठवड्यांनी शिकवले.

तिथले बहुतेक रुग्ण जन आरोग्य योजनेतून उपचार घेणारे, आठवड्यातून दोनदा एसटीने येणारे होते. चार तास यंत्र चालू असताना खाटेशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि कालच्या सकाळपासून आजच्या सकाळपर्यंत काय काय खाल्ले ते विचारून लिहून घ्यायचे, हे माझे काम. सोबत 150 मिलीची वाटी आणि वेगवेगळ्या आकारांचे, कागदाचे कापलेले गोल असत, कारण ‘दोन भाकरी’ म्हणजे किती पीठ, हे घरागणिक बदलते.

सर्वांत अवघड जाई ते प्रथिनांविषयी समजावणे. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी याच माणसांना डॉक्टरांनी डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगितलेले असते आणि ते घरात इतके पक्के बसलेले असते, की डायलिसिस सुरू झाल्यावरही पथ्य तसेच चालू राहते. आता मात्र दर वेळी यंत्रातून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, निघून जात असल्यामुळे वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 60 ग्रॅम. ‘तेव्हा नको म्हणालात, आता खा म्हणता’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला घाईने उत्तर देणे मला कधीच योग्य वाटले नाही.

सोलापूरकडचे एक शेतकरी काका होते. त्यांच्या रक्तातले पोटॅशियम दर वेळी 6 च्या वर येई. ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावे लागते. फार वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते. केळी, शहाळे, सुका मेवा सगळे बंद होते. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी काढून टाकायचे, हेही मी काकूंना समजावले होते आणि ‘उकळून घेता ना?’ असे दोनदा विचारून होकार मिळाल्यावर तक्त्यात बरोबरची खूणही केली होती. पुढच्या तपासणीत आकडा 6.3 आला.

माझ्या वरिष्ठ आहारतज्ज्ञ तेव्हा शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी काकूंना सकाळी चूल पेटवल्यापासून काय काय केले ते सारे क्रमाने सांगायला लावले. मेथी निवडली, चिरली, उकळली, पिळून फोडणीला टाकली. ‘आणि ते पाणी?’ ‘त्याची आमटी केली की. चांगलं सत्त्वाचं पाणी, मोरीत कसं वतायचं ताई?’ पुरणाच्या डाळीचे येळवणी जपून ठेवून कटाची आमटी करणारा तो हात होता. भाजीतून काढलेले पोटॅशियम त्याच ताटात आमटीच्या वाटीतून परत जात होते. काकूंनी माझे ऐकले होते. मी विचारण्यात कमी पडले होते. त्या रात्री मी माझे आधीचे सगळे तक्ते पुन्हा वाचले आणि हो-नाहीत उत्तर मिळेल असे किती प्रश्न मी विचारले होते, ते पाहून मला फार वाईट वाटले.

त्यानंतर मी ‘करता का’ असे विचारणे सोडून ‘कसे करता, दाखवा’ असे विचारू लागले. त्यातूनच दुसऱ्या एका घरात ‘कमी सोडियमचे मीठ’ वापरात असल्याचे कळले. मिठातले सोडियम कमी करण्यासाठी त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, त्यामुळे रक्तदाबासाठी चांगले म्हणून आणलेले हे मीठ अशा रुग्णाला घातक ठरू शकते.

काकांचा आकडा पुढच्या दोन तपासण्यांत 5.4 आणि मग 5.1 झाला. काकूंच्या मनातून मात्र ते पाणी गेले नव्हते. माझ्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, ‘गार झाल्यावर परसातल्या शेवग्याला घातलं तर चालेल का?’ त्यात मीठ नसते ना, एवढे विचारून घेतले आणि मी त्यांना चालेल म्हणून सांगितले.